उलटा पंखा

सोमवार, ४

दुकान उघडून आठवडा झाला. दुकान म्हणजे अंगणातली पत्र्याची शेड, एक टेबल, सूतगिरणी बंद पडली तेव्हा उचलून आणलेली माझी हत्यारांची पेटी, आणि बाहेर पाटी: ‘सर्व वाहनांच्या वायरिंगची कामे’. ‘सर्व’ हा शब्द हिला खटकला. म्हणाली, “अहो, गिरणीत तुम्ही ज्या मोटारी बघायचात, त्या जमिनीला बोल्टने आवळलेल्या असायच्या. या रस्त्यावर पळतात.” मी म्हटलं, वीज ती वीज. आपण कशावर बसलोय हे तिला कळत नाही.

आतापर्यंत एकच गिऱ्हाईक आलं, तेही हॉर्न बंद झाला म्हणून.

आज मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. आम्ही सगळे त्याला ‘सावकाश’ म्हणतो, कारण त्याच्या दर दुसऱ्या वाक्यात तो शब्द असतो आणि गाडीही तो तशीच चालवतो. त्याच्या मागे अडकलेला सायकलवालासुद्धा घंटी वाजवून कंटाळतो. त्याचा जुना छोटा ट्रक आहे, त्यातून रोपवाटिकेची रोपं ठिकठिकाणी पोचवतो. लग्न केलं नाही, ट्रकशीच संसार. निघण्याआधी पाणी, तेल, टायर, दोऱ्या, सगळं बघणार आणि मगच किल्ली फिरवणार.

रेडिएटरमागचा पंखा मोडलाय. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. बेअरिंग गेलं, पातीही तुटली आणि इतक्या जुन्या गाडीचा भाग कुठे मिळेना. मी म्हटलं, त्यापेक्षा विजेचा बसवू. आजकाल सगळ्या गाड्यांना तोच असतो.

“भावोजी, तुम्ही बसवलाय का कधी?”

“त्यात काय आहे एवढं?”

आता लिहिताना लक्षात येतंय, हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण त्याचं समाधान झालं.

बुधवार, ६

झालं! हात अजून काळे आहेत, पण आधी लिहितो.

पंखा भंगारवाल्याकडून आणला, एका अपघातातल्या गाडीचा. मोटर चांगली आहे. रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवला. काम त्याचं सोपं: समोरच्या जाळीतून थंड हवा रेडिएटरमधून आत ओढायची, म्हणजे आतलं पाणी निवतं. बॅटरीतून जाड तार काढली, तिला फ्यूज दिला, मग रिले, म्हणजे विजेनेच लागणारा खटका, आणि मग पंखा. रेडिएटरच्या अंगात एक स्विच बसवला. पाणी तापलं की तो रिलेला जागं करतो आणि पंखा आपोआप सुरू. कुणी बटण दाबायला नको. तारांवर नळी चढवली, जागोजागी पट्ट्या आवळल्या. गिरणीतले साहेब असते तर म्हणाले असते, काम बघावं तर असं.

अडचण एकच आली. पंख्याच्या दोन्ही तारा भंगारवाल्याने मुळापाशी कापल्या होत्या आणि उन्हाने रंग उडालेला. एक जरा काळपट वाटली, ती ऋण धरून चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडली. दुसरी रिलेला. सुरू केला, घूं करून फिरला. इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवलं, तापमानाचा काटा मधोमध.

सावकाश म्हणाला, “एकदा माल भरून चढावर नेऊन बघू का, सावकाश? मग रोपं भरतो.”

मी म्हटलं, “आता काय तुला प्रमाणपत्र लिहून देऊ? जा बिनधास्त.”

तो गेला. ही दारात उभी होती. म्हणाली, “चेहरा बघा, जसं काही विमान उडवलंय.” पण तिलाही बरं वाटलेलं दिसलं.

शुक्रवार, ८

सावकाश चहाला येऊन गेला. पंख्यावर बेहद्द खूश. म्हणाला, “भावोजी, गाडी उभी केली की समोर जाळीपुढे काय झकास गरम वारा येतो! आज टॉवेल धुवून तिथे धरला, हां हां म्हणता वाळला.” आम्ही खूप हसलो. मी म्हटलं, बघ, एका पैशात पंखा आणि इस्त्रीवाला.

जाताना दारात थांबून म्हणाला, “काटा मात्र पूर्वीपेक्षा वर जातो थोडा. चढ लागला की.”

“जाणारच. विजेचा पंखा पाणी तापल्याशिवाय सुरूच होत नाही. थोडा वर गेला तर घाबरायचं नाही.”

“तुम्ही म्हणता तर ठीक आहे,” म्हणाला.

त्याने दोन ट्रकवाल्यांना माझं नाव सांगितलंय.

मंगळवार, १२

सावकाश भाजला.

रोपं घेऊन डोंगरापलीकडे निघाला होता. चढाच्या मधोमध बॉनेटखालून वाफ. गाडी बाजूला घेतली आणि रोपं उन्हात मरतील या घाईत त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी कारंजासारखं उडालं. उजवा हात कोपरापर्यंत, मान, हनुवटीची एक बाजू. डोळे वाचले. मागून येणाऱ्या कुणी त्याला दवाखान्यात पोचवलं. फोन हिला आला. ही पदर खोचायची विसरली, तशीच निघाली.

तो बाकावर बसला होता, हात पुढे धरून, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. मला बघून म्हणाला, “भावोजी, इंजिन गेलं असेल का हो?”

मला इतका राग आला. भीतीचा राग असतो तसा. म्हटलं, “तापल्या इंजिनाचं झाकण कुणी उघडतं? आणि पाणी बघितलं होतंस का निघताना?”

“बघितलं होतं.”

“नीट बघितलं होतंस? मग उकळलं कसं?”

दवाखान्यातली नर्स माझ्याकडे बघत होती.

बुधवार, १३

त्याला आमच्याकडे आणलं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. हात उशीवर ठेवून झोपतो. ही घास भरवते, लहानपणी भरवायची तसा. तो लाजतो.

ट्रक मेस्त्रींच्या गॅरेजात ओढून नेला. इंजिनाच्या डोक्याखालची गॅस्केट गेली आहे. मेस्त्रींनी मला विचारलं, “पंखा चालू होता ना?” मी म्हटलं, चालू होता, त्याने स्वतः आवाज ऐकला. “मग पाणीच कमी असणार,” मेस्त्री म्हणाले. “दुसरं काय?”

घरी येऊन तेच सांगितलं. सावकाश छताकडे बघत होता. “मी बघितलं होतं असं वाटतंय,” म्हणाला. काल हेच ‘बघितलं होतं’ असं होतं. ही त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, “जाऊ दे रे. होतं असं कधीतरी. कुणाच्या हातून होत नाही?”

मला वाटतं, चूक कबूल केली की माणूस हलका होतो. तो मात्र जेवला नाही.

शनिवार, १६

गॅरेजात गेलो होतो. ट्रक सुरू झाला. आज लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, १७

काल लिहिण्यासारखं होतं.

मेस्त्रींनी गॅस्केट बसवून इंजिन सुरू केलं आणि हात धुवायला मागे गेले. पाणी तापलं, पंखा लागला. मी जाळीसमोर उकिडवा बसलो होतो. वारा तोंडावर आला. गरम.

हवा आत जायला हवी होती. ती माझ्या तोंडावर येत होती.

तारा उलट्या. काळपट वाटली ती चेसिसला द्यायची नव्हतीच. असली मोटर उलट्या तारांवर उलटी फिरते, गिरणीत दाराशी उभ्या असलेल्या शिकाऊलासुद्धा मी हे सांगितलंय. गाडी पुढे जाताना समोरून येणारी हवा आणि माझा पंखा एकमेकांना ढकलत होते. सपाटीवर निभावलं. भरलेल्या गाडीने, हळू चढताना नाही निभावलं. आणि तो टॉवेल वाळवत होता, आणि मी हसत होतो.

मी काय केलं? इंजिन बंद केलं. जोड उपसला, दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा खोचला. मेस्त्री टॉवेलला हात पुसत आले तेव्हा मी पट्टी आवळत होतो. “काय करताय?” “काही नाही, सैल वाटली.”

किती सहज आलं ते तोंडातून. जीभ जराही अडखळली नाही.

आज सकाळी ठरवलं होतं, चहाबरोबर सांगून टाकायचं. चहा घेऊन त्याच्या खाटेशी बसलो. तोच म्हणाला, “भावोजी, तुम्हाला माझ्यापायी गॅरेजच्या खेपा पडतायत. दुकान सोडून.” मी त्याचा चहा बशीत ओतून दिला. मग म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी शेजारीण त्याला बघायला आली.

मंगळवार, १९

नाही सांगितलं. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच. ते पोटात फुगतात हे मात्र कुणी सांगत नाही.

स्वतःशी हिशेब मांडतो: झाकण तर त्यानेच उघडलं ना? आता पंखा सरळ आहे, पुन्हा होणार नाही. सांगून हात थोडाच बरा होणार? सगळं खरं आहे. तरी बाहेरच्या खोलीतून जाताना मी पावलं न वाजवता जातो. माझ्याच घरात.

गुरुवार, २१

सावकाशला स्कूटरवर मागे बसवून रोपवाटिकेत नेलं. तिथल्या बाईंना भेटायचं म्हणाला. मी फाटकाबाहेर स्कूटरवरच बसून राहिलो. तो परत आला तेव्हा म्हणाला, “त्यांनी दुसरा ट्रक लावला. त्यांचं तरी काय चुकलं? गाडीभर रोपं करपली.”

जरा विसराळू झालाय, की उलट म्हणू? गॅस बंद केलाय का, हे तीनदा उठून बघतो. नळ बंद आहे ना, हे हिला विचारतो. आज औषधाची गोळी घेतली आणि थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, मी गोळी घेतली का?” “माझ्यासमोर घेतलीस ना!” “नक्की?” ही मला आत येऊन म्हणाली, “भाजल्याचा धक्का डोक्यात बसतो का हो?” मी म्हटलं, जाईल हळूहळू.

सोमवार, २५

त्याने नाव सांगितलेल्यांपैकी एक ट्रकवाला आला. त्यालाही विजेचा पंखा हवाय. सावकाश खाटेवरून बाहेर येऊन म्हणाला, “यांच्याकडून करून घ्या. यांचा हात चांगला आहे. माझं झालं ते माझ्या वेंधळेपणाने.” जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

काम केलं. या वेळी जोड पक्के करण्याआधी पंखा सुरू करून जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला जाऊन चिकटला. मग कुठे श्वास सोडला.

सावकाश शेडच्या दारात स्टुलावर बसून बघत होता. “ते कशाला, भावोजी?”

“वारा आत ओढतोय का बघायला.”

“आणि बाहेर फेकला तर?”

“तर तारा उलट्या लागल्यात. बदलायच्या.”

पट्टी बांधलेला हात मांडीवर होता, त्याकडे बघत राहिला. मग उठून आत गेला. दुखत असेल. त्याच्या लक्षात काही आलं नसावं. यंत्रातलं त्याला फारसं कळत नाही.

मंगळवार, २६

सावकाश आज आपल्या खोलीवर परत गेला. पट्टी अजून निघायची आहे. ही म्हणाली, आणखी चार दिवस राहा. तो म्हणाला, नको ताई, घर आठवतंय. माझ्याशी नीट बोलला, हात जोडून निरोप घेतला. इतक्या वर्षांत मला कधी हात जोडले नव्हते त्याने. शिस्तीचा आहे पोरगा.

शनिवार, ३०

ट्रक गॅरेजातून त्याच्या दारात जाऊन उभा आहे, पण तो चालवत नाही. हात चालतोय, तरी नाही. ही आज त्याच्याकडे जाऊन आली. सांगत होती, “किल्ली घेतो, गाडीपर्यंत जातो, बॉनेट उघडून पाणी बघतो, बंद करतो, परत उघडून बघतो. मग किल्ली खिळ्याला अडकवतो. मी म्हटलं, अरे भरलेलं आहे, मीही बघितलं. तर म्हणाला, ‘ताई, तू सांगतेस म्हणून खरं धरतो. मला स्वतःचं काही खरं वाटत नाही.’”

कपड्यांची घडी घालता घालता ती थांबली. “असा नव्हता हो तो.”

मी चपला घातल्या आणि निघालो.

तो दारातच बसला होता. मी उभ्याउभ्याच बोललो, बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. “तारा मी उलट्या जोडल्या होत्या. गॅरेजात लक्षात आलं. गुपचूप बदलल्या.”

“कागद धरलात तेव्हा कळलं मला,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“बोलायचं कुणी होतं?”

मी खाली बघत राहिलो.

“ताईच्या घरात बसून ताईच्या नवऱ्याला खोटं पाडू? वाटलं, आज सांगाल. जेवताना सांगाल. मग निघून आलो.” त्याने भाजलेला हात उघडमीट केला. कातडी नवी, गुलाबी, चकाकणारी. “हाताचं सोडा, भावोजी. हात भाजतो, बरा होतो. त्या दिवशी मी पाणी बघितलं होतं. मला आठवत होतं. झाकण लावताना बोटाला गार लागलेलं आठवत होतं. तुम्ही म्हणालात, नीट बघितलंस का. मेस्त्री म्हणाले, पाणीच कमी असणार. ताई म्हणाली, होतं असं. तुम्ही सगळे शहाणे. मग मी पडल्या पडल्या तीच सकाळ पुन्हा पुन्हा आठवायला लागलो. आठवून आठवून ती झिजली. आता खरंच आठवत नाही.”

“तू बघितलं होतंस,” मी म्हटलं. “नक्की बघितलं होतंस.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही तिथे होतात का?”

मी त्याचं जे घेतलं होतं ते परत करायला गेलो होतो, आणि ते माझ्याकडेही नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, “ताईला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.”

रविवार, १

सकाळी हिला सांगितलं. ओट्यापाशी पाठ करून उभी होती. सगळं ऐकेपर्यंत वळली नाही. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, “मी त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हटलं होतं, होतं असं कधीतरी. माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही ते. त्याने तुमचं नसतं ऐकलं एखाद्या वेळी. माझं ऐकलं.”

मग पिशवी भरून भावाकडे गेली. कधी येणार, विचारायची हिंमत झाली नाही. दुपारी भात लावला, तो खाली लागला. तसाच खाल्ला.

मंगळवार, ३

रोपवाटिकेत जाऊन आलो. या वेळी फाटकाच्या आत. बाई पाण्याची नळी हातात धरून ऐकत होत्या, पाणी एकाच वाफ्यात साचत गेलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “तो त्या दिवशी इथेच, याच जागी उभा राहून माझी माफी मागून गेला. पट्टी बांधलेल्या हाताने. तुम्हीच घेऊन आला होतात ना त्याला? बाहेर स्कूटरवर होतात.”

“हो.”

“तिथून इथपर्यंत किती पावलं होती हो?”

एवढंच बोलल्या. मी जायला वळलो तेव्हा मागून म्हणाल्या, “त्याला म्हणावं, पुढच्या आठवड्याची रोपं त्याची. आणि हे मीच सांगेन त्याला, तुम्ही नको.”

तिथून मेस्त्रींकडे गेलो आणि त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, “सैल पट्टी, काय?” आणि पुन्हा इंजिनात वाकले. गावभर होईल आता. होऊ दे. पाटीवरचा ‘सर्व’ खरवडून काढला. जागा पांढरी राहिली, लांबूनही दिसते.

शुक्रवार, ६

ही आली. चहा ठेवला. दोन कप.

तिनेच सांगितलं, तो काल गाडी घेऊन बाजारापर्यंत जाऊन आला. रिकामी गाडी. ती शेजारी बसली होती. निघण्याआधी पाणी एकदाच बघितलं त्याने, पण मोठ्याने म्हणाला, “बघितलं.” तिनेही मोठ्याने म्हटलं, “बघितलं.”

गुरुवार, १२

दुपारी शेडसमोर ट्रक थांबला. मी उठलो नाही. वाटलं, बहिणीला भेटायला आला असेल. तो थेट माझ्याकडे आला. “मागचा दिवा लागत नाही.”

मी म्हटलं, “चौकातला वायरमन चांगला आहे. त्याच्याकडे...”

“गेलो होतो. तो म्हणाला, तिकडे बाजूला बसा, झालं की बोलावतो.” त्याने शेडमधलं स्टूल पायाने लांब सारलं. “मला आता बाजूला बसायचं नाही. तुम्ही करा, मी बघणार. एकेक तार. आणि विचारेन ते सांगायचं.”

त्याच्या तोंडावर राग नव्हता, लोभही नव्हता. गिऱ्हाईक उभं राहतं तसा उभा होता. माझ्याकडे येण्यामागे माया असेल असं क्षणभर वाटलं, पण तसं नसावं. मला ‘नाही’ म्हणायची सोय उरलेली नाही, हे त्याला ठाऊक आहे.

सुरू केलं. ही कशाची? दिव्याची. ही? ब्रेकच्या दिव्याची. मधे हा जोड का? जुनी तार आखूड पडली असेल. असेल की आहे? पट्टी सोडून दाखवली: आहे. असं चाललं होतं. ही मधे येऊन दारात उभी राहिली, बघून आत गेली.

चेसिसच्या आतल्या बाजूने एक पिवळी तार गेली होती. कुठून निघते ते दिसत होतं, कुठे जाते ते दिसत नव्हतं.

“आणि ही?”

इंडिकेटरची असणार, असं ओठांवर आलं होतं. बहुतेक तीच असेलही.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाही वर सारली, जमिनीवर पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकला. भाजलेला हात तेवढा बाहेर दिसत होता. मग तोही आत गेला.

“तुम्ही तिकडून ओढा,” खालून आवाज आला. “मी इकडून बघतो.”

मी तार चिमटीत धरून ओढली.

“हलली,” तो म्हणाला.